मंद आचेवर घडणारा सौरघट

सौरऊर्जेची चर्चा आपल्याकडे दोन आकड्यांभोवती फिरते: किती मेगावॉट बसवले आणि युनिटमागे किती रुपये पडले. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली तेव्हाही बातम्यांत हेच दोन आकडे ठळक होते. तिसऱ्या एका आकड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सौरघट किती तापमानाला तयार होतो, हा तो आकडा. आणि सौरवीज यापुढे कुठे कुठे पोहोचेल हे बऱ्याच अंशी तोच ठरवणार आहे. आज छपरांवर आणि माळरानांवर दिसणारे बहुतेक सगळे पॅनेल सिलिकॉनचे आहेत. गारगोटीतून सिलिकॉन काढताना भट्टी २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावी लागते. मग ते शुद्ध करायचे, १,४१४ अंशांच्या वर वितळवून त्याचा एकसंध स्फटिक ओढून काढायचा, त्याच्या चकत्या कापायच्या आणि त्या पुन्हा ८००-९०० अंशांच्या भट्ट्यांतून न्यायच्या. पेरोव्स्काइट या कुळातल्या पदार्थाचा सौरघट मात्र शाईसारखा पसरवून १०० ते १५० अंशांत तयार होतो. एवढी आच प्लास्टिकच्या पातळ फिल्मलाही सोसते. वाकणारा, गुंडाळता येणारा, वजनाला हलका सौरपत्रा शक्य होतो तो यामुळेच. माझे म्हणणे असे, की पेरोव्स्काइटचे खरे बळ या मंद आचेत आहे. काचेवरच्या विक्रमांमागे धावण्यापेक्षा कमी तापमानाची प्रक्रिया सुधारण्यावर संशोधनाचा आणि सरकारी पैशाचा भर हवा, आणि त्यासाठी लागणारी बरीच तयारी महाराष्ट्रात आजच आहे.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या या खनिजाला रशियन खनिजतज्ज्ञ लेव पेरोव्स्की यांचे नाव दिले गेले आणि पुढे तशीच अणुरचना असलेल्या सगळ्या पदार्थांना ते चिकटले. सौरघटात जे वापरतात ते प्रयोगशाळेत बनवलेले संयुग असते: शिसे, आयोडीन किंवा ब्रोमीन, आणि जोडीला मिथिलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सीझियम. २००९ मध्ये जपानमधील तोइन विद्यापीठात अकिहिरो कोजिमा आणि त्सुतोमु मियासाका यांनी त्याचा पहिला सौरघट मांडला. कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आतल्या द्रवात पेरोव्स्काइट विरघळत असल्याने घट टिकायचाही फार थोडा वेळ. २०१२ मध्ये दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क यांच्या आणि ऑक्सफर्डमध्ये हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रवाऐवजी घन थर वापरले आणि कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास नेली. आज एकट्या पेरोव्स्काइटचा छोटा घट २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनला तिथवर यायला सहा दशके लागली. पण सुरुवातीच्या या घटांत एक अडसर होता. पेरोव्स्काइटमधून सुटलेले इलेक्ट्रॉन उचलून नेण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर लागायचा आणि तो थर ४५० ते ५०० अंशांवर भाजावा लागायचा. काच ते सोसते, प्लास्टिक सोसत नाही. पाण्याच्या बाटलीसाठी वापरतात ते पेट ७०-८० अंशांनाच मऊ पडू लागते. ताणून, तापवून स्थिर केलेली पेट फिल्मही फार तर १५० अंशांपर्यंत आकार धरून राहते. म्हणजे अडचण पेरोव्स्काइटची नव्हतीच. ती त्याच्या शेजारच्या थराची होती.

ती गाठ सुटली कशी, हे पाहण्यासारखे आहे. स्नेथ यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या जागी ॲल्युमिना हा विद्युतरोधक पदार्थ घालून पाहिला, आणि घट थांबण्याऐवजी चांगला चालला. इलेक्ट्रॉन वाहून न्यायला पेरोव्स्काइट स्वतःच समर्थ आहे, हे त्यातून कळले. मग भाजलेल्या सच्छिद्र थराचा हट्ट धरण्याचे कारणच उरले नाही. २०१३ मध्ये याच गटाने सगळी प्रक्रिया १५० अंशांच्या आत ठेवून १२ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली. २०१६ मध्ये बीजिंगच्या सेमीकंडक्टर संस्थेतील संशोधकांनी टिन ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून त्यांचा थर पसरवला आणि तो केवळ १५० अंशांवर वाळवून सुमारे २० टक्के कार्यक्षमता दाखवली. घटाच्या दुसऱ्या टोकाला लिथुआनियातील काउनास आणि जर्मनीतील बर्लिन येथील संशोधकांनी आणखी मोठी झेप घेतली. त्यांनी असे रेणू तयार केले, की ते द्रावणातून पृष्ठभागावर येऊन आपोआप रांगेत उभे राहतात आणि केवळ एका रेणूच्या जाडीचा थर बनतो. त्याला १०० अंशांची ऊब पुरते. आज सर्वाधिक कार्यक्षमतेच्या कित्येक पेरोव्स्काइट घटांत, अगदी काचेवर बनवलेल्या घटांतही, हाच थर असतो. ज्यांच्यावर तापमानाचे बंधन नव्हते त्यांनीही शेवटी कमी तापमानाचीच वाट धरली, ही गोष्ट माझ्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे.

असे का व्हावे? सिलिकॉनच्या स्फटिकात अणू घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे तो घडवायला प्रचंड उष्णता लागते. घडल्यावर दशलक्षात एखादा परका अणू चुकीच्या जागी बसला तरी वीज घटते. पेरोव्स्काइटचा स्फटिक मऊ असतो. त्याचे घटक क्षारासारखे द्रावकात विरघळतात आणि द्रावक उडाला की थोड्याशा उबेत पुन्हा रांगेत बसतात. त्यात राहून गेलेल्या बऱ्याचशा उणिवा इलेक्ट्रॉनांना कायमचे अडकवून ठेवत नाहीत. म्हणून रसायने तितक्या टोकाची शुद्ध नसली तरी भागते आणि अर्धा मायक्रॉन जाडीचा थर पुरतो. सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाड असते. मऊपणाची दुसरी बाजू अर्थात नाजूकपणाची. जे सहज जुळते ते सहज सुटते. पण त्या नाजूकपणावरचे सर्वांत गुणकारी उपायही मंद आचेचेच आहेत. स्फटिककणांच्या कडा बांधणारे आणि पृष्ठभागावर पाणी न शिरू देणारे संरक्षक थर कार्बनी रेणूंचे असतात. ते १०० अंशांवर नीट बसतात, भट्टीच्या आचेत जळून जातील. शिवाय उष्णतेचा एक छुपा तोटा आहे. तापल्यावर पेरोव्स्काइट काचेपेक्षा कितीतरी पट अधिक फुगते. गरम असताना तयार झालेला थर थंड होताना आकसू पाहतो, खालची काच त्याला आकसू देत नाही, आणि थर कायमचा ताणात राहतो. उन्हात घाईने वाळलेल्या पापडाच्या कडा वळतात त्याच जातीचा हा ताण. फरक एवढाच, की इथे कडा वळायला वाव नसतो. अमेरिकेतील जिनसोंग हुआंग यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की असा ताणलेला थर लवकर खराब होतो आणि थर कमी तापमानाला बनवला की ताणही घटतो, आयुष्यही वाढते. तापमान उतरवणे ही प्लास्टिकसाठी केलेली तडजोड आहे, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट पाहायला हवा.

कारखान्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी स्पष्ट होतो. लवचीक सौरघटाचे स्वप्न वर्तमानपत्राच्या छपाईसारखे आहे, असे म्हटले जाते. फिल्मचे भेंडोळे एका टोकाला सुटते, मधे एकामागून एक थर चढतात आणि दुसऱ्या टोकाला ते पुन्हा गुंडाळले जाते. समजा फिल्म मिनिटाला १० मीटर वेगाने सरकते आहे आणि एक थर १० मिनिटे तापवावा लागतो. मग त्या एकाच थरासाठी १०० मीटर लांबीची भट्टी हवी. अर्धा तास तापवायचा असेल तर ३०० मीटर. म्हणून प्रश्न फक्त अंशांचा नसतो, मिनिटांचाही असतो. या दृष्टीने वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाचे काम मोलाचे आहे. तिथल्या संशोधकांनी जवळच्या अवरक्त किरणांनी पेरोव्स्काइटचा थर अवघ्या २.५ सेकंदांत पक्का करून दाखवला. पुढे २०२३ मध्ये त्यांनी सोन्याच्या वरच्या थराऐवजी कार्बनची शाई छापली. सोन्याचा थर निर्वात पेटीत चढवावा लागतो. कार्बनची शाई छपाईच्या ओळीतच, खालच्या थराला इजा न करता वाळते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये सगळे थर साध्या हवेत, औद्योगिक छपाईयंत्रांवर भेंडोळ्यावर छापून दाखवले. सुटा छोटा घट १५.५ टक्क्यांचा निघाला आणि जोडलेल्या घटांचे मॉड्यूल सुमारे ११ टक्क्यांचे. प्रयोगशाळेत काचेवर मिळणाऱ्या २६ टक्क्यांपुढे ११ हा आकडा फिका वाटेल. पण २६ टक्क्यांचा घट नायट्रोजन भरलेल्या पेटीत, हाताने, एक चौरस सेंटिमीटरहून लहान तुकड्यावर बनतो. ११ टक्क्यांचे मॉड्यूल कारखान्याच्या यंत्रावर, कारखान्याच्या हवेत बनले. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक खरा आहे.

याचा अर्थ मंद आचेची वाट सरळ आहे असा नाही. कमी तापमानाचे स्वतःचे दोष आहेत आणि सुधारणा नेमकी त्यांच्यात व्हायला हवी. पेरोव्स्काइटच्या शाईत सहसा डायमिथिल फॉर्मअमाइड आणि डायमिथिल सल्फॉक्साइड हे द्रावक असतात. त्यांचे उत्कलनबिंदू १५३ आणि १८९ अंश. १०० अंशांवर वरचा थर आधी घट्ट होतो, खाली थोडा द्रावक कोंडून राहतो, आणि नंतर तो निघून गेला की तळाशी पोकळ्या उरतात. डोळ्याला गुळगुळीत, काळाभोर दिसणारा थर तिथूनच सोलायला लागतो. यावर उपायही निघाले आहेत. कोणी हवेचा पातळ झोत किंवा निर्वात वापरून द्रावक आधीच खेचून घेते. कोणी ॲसिटोनायट्राइलसारखा ८२ अंशांना उकळणारा द्रावक वापरते. हुआंग यांच्या गटाने २०२१ मध्ये द्रव द्रावकाचा काही भाग काढून त्याजागी कार्बोहायड्राझाइड हा घन पदार्थ घातला, म्हणजे तळाशी पोकळी पडायचे कारणच कमी झाले. दुसरी अडचण फॉर्मअमिडिनियमच्या पेरोव्स्काइटची. त्याचा वीज देणारा काळा स्फटिक मिळवायला साधारण १५० अंश लागतात, म्हणजे पेटच्या सहनशक्तीची सीमा. सीझियम मिसळून किंवा मिथिलअमोनियम क्लोराइड घालून ती आच उतरवता येते. तिसरी अडचण वाकण्याची. १२५ मायक्रॉन जाडीची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिच्या पृष्ठभागावर सव्वा टक्का ताण येतो. इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर एक-दोन टक्क्यांच्या ताणातच तडकू लागतो. फिल्म ५० मायक्रॉनची केली तर ताण अर्ध्या टक्क्यावर येतो. वरून तितक्याच जाडीचे आवरण चढवून घट मधोमध आणला, तर आणखी उतरतो. ही सगळी कामे बारकाईची आहेत. त्यांतून जागतिक विक्रमाची बातमी होत नाही, पण विकता येईल असा माल होतो.

पहिला आक्षेप पैशाचा असेल. चिनी सिलिकॉन पॅनेल इतके स्वस्त झाले आहेत, मग या उपद्व्यापाची गरज काय? सिलिकॉन जिथे बसते तिथे ते हटवण्याची गरज नाही, हे मी मान्य करतो. प्रश्न जिथे ते बसत नाही त्या जागांचा आहे. काचेचे पॅनेल सांगाड्यासह चौरस मीटरला १२ ते १५ किलो भरते. आरसीसी स्लॅबला त्याचे काही वाटत नाही. औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या शेडचे पत्रे, सिमेंटच्या पत्र्यांची घरे, गोदामे, हरितगृहे आणि बसथांब्यांची छपरे यांचा विचार करताना मात्र तेवढा भार झेपेल की नाही हे आधी अभियंत्याला विचारावे लागते. पुष्कळदा उत्तर नकारार्थी येते. ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली ती एक कोटी घरांसाठी. पण छप्पर भक्कम नसलेल्या घराला अनुदानाचा उपयोग काय? जपानला हा प्रश्न आपल्याआधी पडला, कारण तिथे पॅनेलसाठी मोकळी जमीन फारशी उरलेली नाही. सेकिसुई केमिकल या कंपनीने ३० सेंटिमीटर रुंदीच्या भेंडोळ्यावर सुमारे १५ टक्के कार्यक्षमतेची पेरोव्स्काइट फिल्म बनवली. तिची जाडी मिलिमीटरभर आणि वजन काचेच्या पॅनेलच्या दहाव्या हिश्श्याइतके. २०२५ च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात बसस्थानकाच्या सुमारे २५० मीटर लांबीच्या वक्र छपरावर ती बसवली होती. जपान सरकारने २०४० पर्यंत अशा घटांची २० गिगावॉट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामागे आणखी एक हिशेब आहे. आयोडीनच्या उत्पादनात जपान चिलीखालोखाल जगात दुसरा आहे. सिलिकॉन पॅनेलच्या उत्पादनसाखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले. त्या साखळीबाहेर पडण्याची एक वाट जपानला या फिल्ममध्ये दिसते.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: टिकाऊपणाचा. सिलिकॉनचे पॅनेल २५ वर्षांच्या हमीने मिळते. १०० अंशांवर घडलेला घट, ज्या पत्र्याचे तापमान विदर्भातल्या मे महिन्यात ७० अंशांवर जाते त्यावर चिकटवला तर किती दिवस तग धरेल? त्यातून फिल्म पत्र्याला थेट चिकटते, खालून हवा खेळत नाही, म्हणजे ती उभ्या पॅनेलपेक्षा अधिक तापणार. कोकणात उष्णतेच्या जोडीला दमट हवा. हा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याचे पहिले उत्तर असे, की पदार्थ कितपत टिकेल हे केवळ तो कोणत्या तापमानाला घडला यावर ठरत नाही, त्याच्यातून काय उडून जाऊ शकते आणि त्याच्यात काय शिरू शकते यावर ठरते. उडून जाणारा मुख्य घटक मिथिलअमोनियम. तो वगळून फॉर्मअमिडिनियम आणि सीझियमवर आधारलेले घट उष्णता कितीतरी जास्त सोसतात. आत शिरणारे मुख्य शत्रू पाणी आणि प्राणवायू. त्यांना अडवायला काचेसारखे आवरण नाही. म्हणूनच लवचीक घटाचे आयुष्य शेवटी संरक्षक फिल्मवर येऊन थांबते. चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी बाष्प जाऊ देईल अशी फिल्म लागते. खाद्यपदार्थांच्या साध्या वेष्टनातून त्याच्या शेकडो पट बाष्प जाते. अशी फिल्म आज महाग आहे आणि घटाच्या किमतीचा मोठा वाटा तीच खाते. सेकिसुई आपल्या फिल्मचे आयुष्य बाहेरच्या हवेत १० वर्षांच्या तोडीचे असल्याचे सांगते. २५ वर्षांच्या तुलनेत ते कमी आहे, आणि कमी आयुष्यामुळे कमी तापमानातून झालेली ऊर्जेची बचतही वाया जाऊ शकते. पण यातून निघणारा निष्कर्ष वाट सोडण्याचा नाही. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास काढणारी लवचीक फिल्म हे ध्येय ठरवावे, आणि पैसा त्या ध्येयाला बांधावा, हा निष्कर्ष आहे.

तिसरा आक्षेप शिशाचा. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरमागे एक ग्रॅमहून कमी, साधारण ०.७ ग्रॅम शिसे असते. घरोघरी असलेल्या इन्व्हर्टरच्या एका बॅटरीतले शिसे किलोंत मोजावे लागते. तरीही ‘थोडेच आहे’ म्हणून हात झटकणे मला पटत नाही. पेरोव्स्काइटमधले शिसे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते. फाटलेली फिल्म पावसात भिजली तर ते मातीत आणि पिकात उतरू शकते. यावरही संशोधन झाले आहे. शिसे धरून ठेवणारे थर घटाच्या दोन्ही बाजूंना दिले तर फुटलेल्या घटातूनही ९६ टक्क्यांहून अधिक शिसे बाहेर जाण्यापासून रोखता येते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. हे थरही कमी तापमानाचेच आहेत. राहिला प्रश्न जुन्या फिल्म परत घेण्याचा. देशाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झालेला आहे. लवचीक फिल्म बाजारात येण्याआधीच ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी स्पष्ट तरतूद त्यात केली पाहिजे. शिसे-बॅटऱ्यांच्या भंगार धंद्यात आपण जे होऊ दिले, ते इथे होऊ देऊ नये.

चौथा आक्षेप संशोधकांमधूनच येतो. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवलेल्या दुहेरी घटाने ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. जर्मनीतल्या ब्रँडेनबर्गमधील ऑक्सफर्ड पीव्हीच्या कारखान्यातून २०२४ मध्ये अशा पॅनेलची व्यापारी विक्रीही सुरू झाली. मग अपुरा पैसा तिथेच का लावू नये? दुहेरी घटाचे महत्त्व मी नाकारत नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून चालणाऱ्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्रातही त्यावर चांगले काम होते आहे. पण दुहेरी घटाचा खालचा अर्धा भाग सिलिकॉनच आहे, आणि ते सिलिकॉन ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात या शर्यतीची सूत्रेही राहतील. देशात पॅनेल बनवणाऱ्यांसाठी केंद्राने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाचे २४,००० कोटी रुपये ठेवले. तरी चकत्या आणि अतिशुद्ध सिलिकॉन यांसाठी आपण बाहेरच पाहतो. फिल्मवरच्या घटाची गोष्ट वेगळी आहे. त्याला लागतात फिल्म, शाई, लेपनयंत्रे आणि आवरणे, म्हणजे वेष्टन आणि छपाई उद्योगाची साधने. शिवाय मंद आचेवरचे संशोधन दुहेरी घटालाही उपयोगी पडते, कारण तयार सिलिकॉन घटावर वरचा थर चढवताना त्याला जास्त तापवून चालत नाही. एका कामावर लावलेला पैसा दोन्हीकडे फळतो.

हाच मुद्दा महाराष्ट्राला येऊन भिडतो. ज्या पॉलिएस्टर फिल्मवर हे घट छापायचे ती छत्रपती संभाजीनगरात गरवारे आणि नाशिक जिल्ह्यात जिंदाल या कंपन्या वर्षानुवर्षे बनवत आल्या आहेत. फिल्म ताणणे, तिच्यावर मायक्रॉनच्या हिशेबात लेप चढवणे आणि ती हजारो मीटर न फाटता गुंडाळणे हे कसब इथल्या कामगारांच्या आणि अभियंत्यांच्या हातात आहे. दुसरी शिदोरी कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धवाहकांचे पातळ थर रासायनिक द्रावणातून, बऱ्याचदा १०० अंशांच्याही खाली, चढवण्याची परंपरा काही दशके जोपासली. महागडी निर्वात यंत्रे परवडत नसताना काचेचे भांडे, गरम पाणी आणि नेमके रसायन यांवर उभे राहिलेले ते विज्ञान आज जगाला हवे असलेल्या दिशेचेच निघाले. तिथून पीएच.डी. झालेले अनेक तरुण दक्षिण कोरियात गेले, आणि तिथल्या पेरोव्स्काइटवरच्या शोधनिबंधांत मराठी आडनावे सहज दिसतात. पुण्यात आयसरमध्ये सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने या पदार्थांवर काम केले आहे. फिल्म एका शहरात, रसायन दुसऱ्यात, उपकरणांचे शास्त्र तिसऱ्यात, अशी ही स्थिती आहे. या तिघांना एका ओळीत उभे करणारे कोणी नाही, ही खरी उणीव आहे.

ती भरून काढायला तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, सर्वांना वापरता येईल असे भेंडोळ्यावर लेप चढवणारे एक सामायिक यंत्र. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने एक चौरस सेंटिमीटरवर साधलेली गोष्ट ३० सेंटिमीटर रुंदीवर जमते का, हे त्याला तिथे जाऊन तपासता आले पाहिजे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. असे यंत्र हा तिच्या पैशाचा योग्य वापर ठरेल. दुसरी, उघड्यावरची चाचणी केंद्रे: एक रत्नागिरीच्या दमट किनाऱ्यावर, एक चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, एक मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पत्र्यावर. परदेशी प्रमाणपत्रावर आपले ऊन आणि आपला पाऊस लिहिलेला नसतो. इथे किती महिने टिकले, हे इथेच मोजून दर वर्षी जाहीर केले पाहिजे, वाईट निकालही न लपवता. तिसरी, मूल्यमापनाची फूटपट्टी बदलणे. अनुदान देताना ‘कार्यक्षमता किती’ एवढेच विचारणे बंद व्हावे. किती अंशांवर बनवले, किती मिनिटांत, किती रुंदीवर, कोणता द्रावक वापरून, आणि हजार वेळा वाकवून व हजार तास तापवून किती उरले, हे पाच प्रश्न प्रत्येक प्रस्तावाला विचारले जावेत.

सिलिकॉनची गाडी आपण चुकवली, हे आता सर्वजण मान्य करतात. त्या वेळी भट्ट्यांचे भांडवल आपल्याकडे नव्हते, ही सबब खरीही होती. मंद आचेच्या सौरघटाला तसल्या भट्ट्या लागत नाहीत. लागते ती फिल्म, रसायनाची जाण आणि वर्षानुवर्षे चिकाटीने केलेली चाचणी. पहिल्या दोन गोष्टी महाराष्ट्राकडे आहेत. तिसरीसाठी राज्य सरकारने, विद्यापीठांनी आणि फिल्म उद्योगाने एकत्र बसून येत्या अर्थसंकल्पातच तरतूद मागावी. ही मागणी पुढे ढकलली, तर दहा वर्षांनी हीच फिल्म आपण भेंडोळ्यांनी आयात करू.